घरबसल्या पैसा

हल्लीं ज्याच्या हातीं मोबाइल आहे, त्याला धनवान् करावयास दिवसांतून एकदां तरी कोणी अनोळखी मनुष्य पुढें येतोच. "रोज दोन तास काम करा, दोन हजार मिळवा," "हें ॲप घ्या, मुलाची स्मरणशक्ति दुप्पट होईल," "शेवटचे तीन दिवस," अशा निरोपांचा पाऊस पडत असतो. विद्यार्थी व पालक आम्हांस विचारतात, "सर, ह्यांतलें खरें कोणतें?" सर्वच खोटें असें सांगून मोकळें होणें सोपें आहे; पण तें आळशी माणसाचें उत्तर होय. ह्याच यंत्रावरून बँकेचा व्यवहार होतो, आगगाडीचें तिकीट निघतें, आणि आमच्या दहावीच्या पुष्कळ मुलांनीं भूमितीचे अवघड धडे ह्याच्याच साह्यानें पक्के केले आहेत. तेव्हां घ्यावें तें पारखून घ्यावें, आणि ही पारख शाळेंत शिकविलेल्या गणिताच्या बळावरच पुष्कळशी करतां येते, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम फुकट मिळणाऱ्या साधनांकडे पाहूं. मोबाइलचा विजेरीसारखा उपयोग व्हावा म्हणून अमेरिकेंत 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नांवाचें एक ॲप निघालें होतें. कोट्यवधि फोनांवर तें गेलें. २०१३ सालीं तेथील फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी मंडळानें असें उघडकीस आणिलें कीं, हा दिवा लावणारा मनुष्य कोठें आहे व त्याच्या फोनची ओळखखूण काय, ही माहिती जाहिरातवाल्यांकडे जात होती. इतकेंच नव्हे, तर वापरणाऱ्यानें 'मान्य' अथवा 'अमान्य' ह्यांपैकीं कांहींएक दाबण्यापूर्वींच ती जाऊं लागे. दिव्याला धन्याचा पत्ता कशाला हवा? हा प्रश्न पांचवींतलें मूलही विचारील, परंतु इतक्या लोकांपैकीं फार थोड्यांस तो सुचला. म्हणून कोणतेंही ॲप काय देतें हें पाहण्याआधीं तें काय मागतें हें पाहावें. आंकडेमोडीच्या ॲपाला तुमच्या आप्तेष्टांचे नंबर कशास लागावे? शब्दकोशाला तुमचीं छायाचित्रें कशास? कर्ज देणाऱ्या ॲपांनीं तर अशा नंबरांचा व छायाचित्रांचा उपयोग माणसांना चारचौघांत लाजविण्यासाठीं केला. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं अशा ॲपांना फोनमधील नंबरांची यादी व छायाचित्रें उघडण्यास मनाई केली.

दुसरी गोष्ट पालकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. मेंदूला व्यायाम देणारे खेळ म्हणून 'ल्युमॉसिटी' ह्या नांवाचें साधन जगभर गाजलें. तें वापरल्यानें शाळेंत व कचेरींत काम सुधारतें, म्हातारपणचें विस्मरण लांबतें, असें जाहिरातींत सांगितलें जाई. वरील मंडळानें पुरावा मागितला, तो पुरेसा निघाला नाहीं, आणि २०१६ सालीं त्या कंपनीनें २० लक्ष डॉलर भरून तडजोड केली. ह्यांत आम्हांस विशेष लक्षणीय वाटली ती ही बाब कीं, 'आमचा फायदा झाला' असें सांगणाऱ्या कांहीं लोकांचे अनुभव बक्षिसांच्या स्पर्धा लावून गोळा केलेले होते, आणि तें वाचकांस कळविलें नव्हतें! रोज खेळ खेळणारा मुलगा त्या खेळांत तरबेज होतो ह्यांत नवल तें काय? त्यामुळें त्याचें बीजगणित सुधारलें का, हें पाहण्यासाठीं तसाच दुसरा, खेळ न खेळणारा मुलगा शेजारीं उभा करावा लागतो. जाहिरातींत हा दुसरा मुलगा कधींच दिसत नाहीं.

आतां पैशाच्या योजनांविषयीं. येथें आम्हांस एक कबुली देणें प्राप्त आहे.

आमच्या शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थिनीची आई एकदां मधल्या सुट्टींत आमच्याकडे आली. तिला फोनवर काम मिळालें होतें: हॉटेलांच्या नांवापुढें तारे द्यावयाचे, प्रत्येक वेळीं पन्नास रुपये. पहिल्या दिवशीं दीडशें रुपये खरोखरच खात्यांत आले. मग एक हजार भरावयास सांगितलें, त्याचे तेराशें परत मिळाले. "सर, आतां पांच हजार भरा म्हणतात. भरूं का?" असें तिनें विचारलें. आमच्या पुढ्यांत उत्तरपत्रिकांचा ढीग होता. मान वर न करतां आम्हीं म्हटलें, "बाई, पैसे परत आले ना? मग खरें असेल." पंधरा दिवसांनीं समजलें कीं, पांच हजार, मग पंधरा हजार, आणि अडकलेली रक्कम सुटावी म्हणून शेवटीं कराच्या नांवाखालीं अट्ठावीस हजार, असे अट्ठेचाळीस हजार रुपये गेले. ते थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठीं ठेविले होते. त्या माउलीनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें.

आमची चूक कोठें झाली? परत आलेले तेराशें रुपये आम्हीं पुरावा मानिले. वस्तुतः तो गळाला लावलेला गांडूळ होता. कोळी त्याला खर्च समजतो, मासा मात्र मेजवानी समजतो. पुढें फोनच्या पडद्यावर तिची शिल्लक वाढतांना दिसत होती, पण पडद्यावर आंकडे लिहिण्यास शाईही लागत नाहीं. जो प्रश्न विचारावयास हवा होता तो एकच: हा नफा कोणाच्या खिशांतून येतो? तारे देण्याच्या कामासाठीं काम करणाऱ्यानेंच आधीं पैसे कां भरावे? वेठबिगारींतसुद्धां मजुराकडून पैसे घेत नसत!

हा प्रश्न नवा नाहीं. १९२० सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं चार्ल्स पाँझी नांवाच्या गृहस्थानें ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचें वचन दिलें. परदेशीं स्वस्त मिळणारीं टपालाचीं उत्तर-कूपनें अमेरिकेंत आणून जास्त किंमतीस वटवितों, असें तो सांगे. आणि लोकांना पैसे मिळतही होते. क्लॅरेन्स बॅरन ह्या अर्थविषयक पत्रकारानें पाँझीच्या सज्जनपणाची चर्चा करीत न बसतां हिशेब केला. गुंतविलेल्या रकमेस पुरण्यासाठीं १६ कोटि कूपनें फिरावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत साऱ्या जगांत सुमारें २७ हजारच फिरत होतीं. म्हणजे कूपनांचा धंदा नांवाला होता, आणि आज आलेल्याचे पैसे काल आलेल्यास दिले जात होते. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सारा डोलारा कोसळला व पाँझी तुरुंगांत गेला.

आपल्याकडे २०१० व २०११ सालीं 'स्पीक एशिया' ह्या कंपनीचा असाच बोलबाला झाला. ११,००० रुपये भरून वर्षाचें सभासद व्हावयाचें, आठवड्यास दोन प्रश्नावल्या इंटरनेटवर भरावयाच्या, प्रत्येकीस ५०० रुपये. महाराष्ट्रांतही असंख्य कुटुंबें तींत शिरलीं. प्रश्नावल्या विकत घेणारे म्हणून ज्या मोठ्या कंपन्यांचीं नांवें सांगितलीं गेलीं, त्यांनीं इन्कार केला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें तपास हातीं घेतला, आणि लोकांचे पैसे अडकले. आमच्या नववीच्या वर्गानें हें उदाहरण गणिताच्या तासाला सोडविलें, तें येथें देतों. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्यास १,००० रुपये. म्हणजे सभासदाला ५२,००० द्यावयाचे, आणि त्याच्याकडून घेतले ११,००० च. बाहेरचा खरा गिऱ्हाईक नसेल तर एका सभासदाचें देणें भागविण्यास जवळ जवळ पांच नवे सभासद हवेत. त्या पांचांसाठीं पंचवीस, पंचविसांसाठीं सव्वाशें. मुलांनीं पांचानें गुणीत जाऊन तेरावी पायरी गाठली तेव्हां उत्तर आलें १२२ कोटि. आणि २०११ च्या शिरगणतींत साऱ्या भारताची लोकसंख्या होती १२१ कोटि! तान्हीं मुलेंसुद्धां सभासद केलीं तरी माणसें अपुरीं पडतात. एक मुलगा म्हणाला, "सर, मग शेवटच्या पायरीवरच्यांचें काय?" शेवटच्या पायरीवर नेहमींच सर्वांत अधिक माणसें असतात, हें त्याचें त्यालाच फळ्याकडे पाहून उमगलें.

'पण आम्हांस हें आमच्याच मंडळींतील माणसानें सांगितलें, तो खोटें बोलणार नाहीं,' असें पुष्कळजण म्हणतात. तो खोटें बोलत नसेलही. तो स्वतःच फसलेला असतो, व आपला पहिला हप्ता दाखवून प्रेमानें भावास बोलावीत असतो. देवळांतील ओळख, नात्यागोत्याचा विश्वास ह्यांवरूनच अशा योजना गांवोगांव पसरतात. विश्वासाच्या माणसाचें बोलणें तपासूं नये, असें आपल्या धर्मांत तरी कोठें आहे? प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकांत बिरुयाच्या लोकांची प्रशंसा आहे ती अशासाठीं कीं, साक्षात् पौलाचें बोलणेंही त्यांनीं रोज शास्त्रांत शोधून पडताळून पाहिलें.

कायदा आहे. सभासदांची साखळी करून पैसा फिरविण्याच्या योजनांस १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे, आणि नियमनाबाहेरच्या ठेवी गोळा करणें २०१९ पासून गुन्हा आहे. परंतु कायदा बहुधा पैसे गेल्यानंतर येतो. फसवणूक ध्यानांत येतांच १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांत रक्कम मध्येंच थोपविली जाण्याची आशा असते. पुढें ती ह्या खात्यांतून त्या खात्यांत अशी पांगते. वरील बाईनीं लाजेनें आठ दिवस कोणास सांगितलें नाहीं. आणखी एक: फोनवरून पैसे घेण्यासाठीं पिन घालावा लागत नाहीं. 'पैसे पाठवितों, पिन घाला,' असें जो सांगतो तो पैसे नेण्यास आलेला आहे.

थोरल्या मुलीचा प्रवेश त्या वर्षीं राहिला. ती आतां एका दवाखान्यांत मदतनीस म्हणून काम करते व पुढील वर्षासाठीं पैसे साठविते. धाकटीनें तेराव्या पायरीचें गणित वर्गांत सर्वांआधीं सोडविलें.

पालकांस विनंति आहे कीं, असा एखादा निरोप आला तर पैसे भरण्यापूर्वीं तो घेऊन यावें. मधल्या सुट्टींत आम्ही शिक्षकांच्या खोलींत असतों. उत्तरपत्रिका बाजूला ठेवतां येतात.