नळी घालण्याआधीचा वेळ

इंट्यूबेशन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी कोविडच्या दिवसांत ऐकला, त्यामुळे तो कानावर पडला की पोटात गोळाच येतो. भूलतज्ज्ञांसाठी मात्र ते रोजचं काम. पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेआधी ते जवळून पाहता आलं. नळी श्वासनलिकेत जायला काही सेकंदच लागतात. कस लागतो तो त्याआधी.

‘तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा.’ डॉक्टरबाई पडजीभ कितपत दिसते ते बघत होत्या. ही तपासणी शेषगिरी मल्लंपाटी या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाते. मग तीन मिनिटं मास्कमधून ऑक्सिजन. पुढच्या इंजेक्शनने स्नायू सैल पडून श्वास थांबणार असतो, त्या वेळेसाठीची ही शिदोरी.

श्वास थांबला. डाव्या हातात लॅरिंगोस्कोप, घशातलं दृश्य पडद्यावर दाखवणारा. त्याचं वाकडं पातं मॅकिंटॉश या भूलतज्ज्ञांनी 1943 साली आणलं. जीभ डावीकडे सारत पात्याचं टोक जिभेच्या मुळाशी गेलं आणि मूठ वर उचलली गेली. दातांवर रेटा देऊन उचकटायचं नाही, नवशिक्यांचा हात नेमका तिथेच चुकतो म्हणे. पडद्यावर पांढरे स्वरतंतू दिसले. जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशाने न्याहाळून 1855 साली ते जगापुढे मांडले ते मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने!

लॅटिन ‘टुबस’ म्हणजे नळी, त्यावरून इंट्यूबेशन. शब्द रुळला तो घटसर्पामुळे. 1880च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. जोसेफ ओड्वायर गुदमरणाऱ्या मुलांच्या घशात धातूची आखूड नळी बसवत, तीही न बघता. एक बोट घशात घालून चाचपायचं आणि त्याच्या आधाराने नळी सरकवायची. मूल धडपडत असताना! मला तरी हे धाडस आजच्या यंत्रांपेक्षा मोठं वाटतं.

इथे सात नंबरची, म्हणजे आतून 7 मिलिमीटर रुंदीची नळी स्वरतंतूंमधून पार झाली. टोकाजवळचा फुगा फुगवला. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडच्या लाटा एकामागून एक उमटू लागल्या. अन्ननलिकेत गेली असती तर त्या टिकल्या नसत्या. तरीही स्टेथोस्कोप दोन्ही बाजूंना लावलाच, कारण नळी फार खोल गेली तर ती बहुधा उजव्या फुप्फुसाच्या सरळ वाटेने घुसते.

‘डावीकडे आवाज आला नसता तर?’

‘थोडी मागे ओढायची,’ म्हणत त्यांनी 21 सेंटिमीटरच्या खुणेवर चिकटपट्टी लावली आणि सर्जनना म्हणाल्या, ‘सुरू करा.’