हरिभाऊ जावळे

काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ साली फैजपूरला झाले. त्याच परिसरातील भालोद गावी १९५३ साली हरिभाऊ जावळे यांचा जन्म झाला. घरची शेती. या भागातील शेतकऱ्याची सारी भिस्त केळीच्या बागांवर, आणि केळीला पाणी फार लागते. उपसा वाढत गेला, विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या.

१९९९ साली हरिभाऊ यावलमधून विधानसभेवर निवडून आले. २००७ व २००९ साली ते लोकसभेवर, तर २०१४ साली रावेरमधून पुन्हा विधानसभेवर गेले. सभागृहे बदलली, पाण्याचा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वाळू व दगडगोट्यांचे जाड थर आहेत. त्यांत पाणी चटकन मुरते. पावसाळ्यात तापीतून वाहून जाणारे पाणी कालव्यांनी तेथे नेऊन भूगर्भात साठवावे, अशी ही पुनर्भरण योजना. दोन राज्यांची संमती मिळवायची, म्हणजे काम चिकाटीचेच! हरिभाऊंनी तिचा पाठपुरावा केला.

२०१९ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. जून २०२० मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी या योजनेच्या करारावर सह्या केल्या, त्या मे २०२५ मध्ये.