वाळूतले घरटे

रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर अगदी उत्तरेकडे पाहा. सावित्री नदी समुद्राला मिळते तेथे बाणकोटचा किल्ला आहे. त्याच्या जवळच, मंडणगड तालुक्यात, वेळास हे लहानसे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून हे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. पण आज वेळास ओळखले जाते ते तेथे येणाऱ्या पाहुण्यांमुळे. थंडी सुरू झाली की ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री समुद्रातून बाहेर येतात, वाळूत अंडी घालतात आणि उजाडण्यापूर्वी परत जातात.

ही मादी सुमारे दोन फूट लांब आणि ३५ ते ४५ किलो वजनाची असते. तिचे पाय वल्ह्यासारखे चपटे असल्यामुळे पाण्यात ती सराईतपणे पोहते. जमिनीवर मात्र तिला अंग ओढत, थांबत थांबत पुढे जावे लागते. मग एवढे कष्ट सोसून ती बाहेर येते तरी कशाला? समुद्रातच अंडी घातली तर काय बिघडेल?

हवेवर जगणारे अंडे

कासव हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला प्राणी. तो पाण्यात राहत असला तरी माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेत नाही. त्याला फुप्फुसे असतात. त्याच्या अंड्यातील गर्भालाही हवा लागते. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून प्राणवायू आत जातो. अंडे पाण्यात बुडून राहिले तर गर्भ गुदमरून मरतो. म्हणून समुद्री कासवांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी आपले घर समुद्रात नेले, पण प्रसूतिगृह मात्र किनाऱ्यावरच ठेवले.

किनाऱ्यावर असे अवलंबून असलेले कासव हे एकटेच नाही. आपल्या पूर्व किनाऱ्यावर, ओडिशा आणि पश्चिम बंगालमध्ये, घोड्याच्या नालेसारख्या पाठीचा हॉर्सशू क्रॅब नावाचा प्राणी आढळतो. नावात खेकडा असला तरी तो कोळी आणि विंचू यांचा जवळचा नातलग आहे. त्याच्या वंशाचे जीवाश्म ४४ कोटी वर्षांहून जुने आहेत. तोही समुद्रात राहतो आणि भरतीच्या वेळी किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी पुरतो. कोकणच्या किनाऱ्यावर तो सापडत नाही. पण त्याची आणि कासवाची अडचण एकच आहे. एवढा मोठा समुद्र मोकळा असूनही दोघांचा वंश टिकतो तो वाळूच्या एका अरुंद पट्ट्यावर. हा पट्टा बिघडला की कोट्यवधी वर्षांचा अनुभव कामी येत नाही.

मादीने खणलेला खड्डा

भरतीचे पाणी पोचणार नाही अशी जागा मादी शोधते. मग मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. या खड्ड्याचे तोंड अरुंद आणि तळ रुंद असतो, आपल्या पाण्याच्या सुरईसारखा. त्यात ती साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते. ती पिंगपाँगच्या चेंडूएवढी असतात; पण त्यांचे कवच मऊ असते, त्यामुळे एकावर एक पडूनही ती फुटत नाहीत. नंतर मादी खड्डा बुजवते, अंग आपटून वाळू दाबते आणि निघून जाते. ती पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही.

अंडी घालताना मादीच्या डोळ्यांतून पाणी येते. त्यावरून ती रडते असे लोक म्हणतात. पण हे वेदनेचे अश्रू नव्हेत. खाऱ्या पाण्यात राहिल्याने शरीरात गेलेले जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी तिच्या डोळ्यांजवळ खास ग्रंथी असतात. त्यांचा स्राव पाण्यात असताना दिसत नाही, जमिनीवर दिसतो, इतकेच.

भाऊ की बहीण? वाळूला विचारा!

आता सर्वांत नवलाची गोष्ट. माणसात मूल मुलगा होणार की मुलगी हे आईवडिलांकडून मिळालेल्या गुणसूत्रांवर ठरते. समुद्री कासवांत तशी नरमादी ठरवणारी गुणसूत्रे नसतात. तेथे निर्णय होतो तो घरट्याच्या तापमानावर! अंडी उबण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागात वाळू किती उबदार आहे त्यावर पिल्लाचे लिंग ठरते. तापमान २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर आणि मादी दोन्ही जन्मतात. त्याहून वाळू थंड असेल तर नर अधिक होतात, गरम असेल तर माद्या अधिक होतात. तापमान ३५ अंशांच्या आसपास जाऊन तेथेच राहिले तर गर्भ मरू लागतात.

म्हणजे केवळ दोनतीन अंशांचा फरक! पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता. तो वाढलेला एखादा अंश आपल्या अंगाला कदाचित जाणवणारही नाही. कासवाच्या घरट्यात मात्र त्याने सगळी गणना बदलते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या पाहणीत तरुण कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्याच माद्या झाल्या, तर पुढच्या पिढीचे काय?

वेळासला काय घडले?

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली समुद्री गरुडांची पाहणी करीत वेळासला आले. त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, की घरटी शोधून अंडी काढून नेली जातात. ती खाल्ली जातात, विकलीही जातात. जी माणसांच्या हाती लागत नाहीत ती कुत्री आणि कोल्हे उकरतात. कायद्याने कासवाला पूर्ण संरक्षण होते. पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा थोडाच उभा असतो?

मग गावकऱ्यांनाच सोबत घेऊन काम सुरू झाले. वाळूवर मादीच्या पायांचा जो माग उमटतो, तो ओळखण्याचे ज्ञान गावात होतेच. पूर्वी त्या मागावरून अंडी पळवली जात. आता त्याच मागावरून ती वाचवली जाऊ लागली. पहिल्याच हंगामात ५० घरट्यांचे रक्षण झाले आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातील घरांत उतरू लागले आणि कासवामुळे गावाला चार पैसे मिळू लागले. वन विभाग आणि राज्याचा कांदळवन कक्षही या कामात आले. आज अंजर्ले, गुहागर, गावखडी अशा अनेक किनाऱ्यांवर ‘कासवमित्र’ पहाटे फेरी मारताना दिसतात.

हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक पायरीमागे विज्ञान आहे. अंडी कुंपणाच्या आत हलवायची तर ती घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस आतून चिकटतो, आणि मग अंडे उलटेपालटे झाले तर तो मरतो. म्हणून अंडी अलगद, न फिरवता उचलतात. नवा खड्डाही मादीच्या खड्ड्याएवढाच खोल आणि तसाच सुरईसारखा खणतात. खड्डा उथळ झाला तर वाळू जास्त तापेल. कुंपण भर उन्हात असेल तर माद्यांचीच संख्या वाढेल. दाट सावलीत असेल तर नरांची. म्हणून जेथे धोका नसेल तेथे घरटे जागच्या जागी राहू देणे अधिक चांगले, असे तज्ज्ञ सांगतात. अंडी वाचवणे म्हणजे नुसती राखण नव्हे. मादीला जे आपोआप कळते, ते आपल्याला अभ्यास करून शिकावे लागते.

समुद्राकडे धाव

पिल्ले अंड्यातून बाहेर पडली तरी लगेच वर येत नाहीत. सगळी मिळून डोक्यावरची वाळू पाडतात, ती पायाखाली जाते आणि घोळका हळूहळू वर सरकतो. वरची वाळू तापलेली असेल तर ती थांबतात. गार झाली की बाहेर येतात. म्हणूनच ती बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतात. बाहेर आल्यावर ती क्षितिजाजवळच्या उजेडाकडे धावतात. पूर्वी किनाऱ्यावर सर्वांत उजळ काय असे? चांदण्यात चमकणारे पाणी! आता हॉटेलचा दिवा त्याहून उजळ असतो, आणि पिल्लू उलट्या दिशेने जाऊन कावळ्याकुत्र्यांच्या तोंडी पडते.

मोठेपणी माद्या पुन्हा जन्मस्थानाच्या परिसरात येतात असे आढळले आहे. यात त्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मदत होते, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणून पिल्लांना उचलून थेट पाण्यात न टाकता वाळूवर सोडतात आणि स्वतःच्या पायांनी जाऊ देतात.

आता एक साधा हिशेब करा. हजार पिल्लांतून साधारण एक पिल्लू मोठे होते, असा अंदाज सांगितला जातो. मग वेळासच्या पहिल्या हंगामातील पिल्लांमधून किती कासवे झाली असतील? दोन किंवा तीन! याचाच दुसरा अर्थ असा, की मासेमारीच्या जाळ्यात अडकून एक प्रौढ मादी मेली, तर शेकडो पिल्ले सोडल्याचे श्रम वाया जातात. कासवाला श्वासासाठी वर यावेच लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात ते बराच वेळ अडकले तर बुडून मरते. यावर उपाय म्हणून जाळ्याच्या गळ्याशी लोखंडी गजांची चौकट बसवता येते. कोळंबी गजांमधून आत जाते, कासव मात्र अडून वरच्या झडपेतून बाहेर पडते. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजनाही महाराष्ट्रात २०१८ साली सुरू झाली.

३२३३ नंबरची पाहुणी

कोकणातून गेलेली कासवे जातात कोठे? हे पाहण्यासाठी २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे लहान यंत्र चिकटवले गेले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. श्वासासाठी ती वर आली की तिचा ठावठिकाणा कळे. पुढे २०२३ साली गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

त्याहून मोठे आश्चर्य २०२५ च्या जानेवारीत गुहागरला घडले. अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला होता, त्यावर आकडा होता ०३२३३. हा बिल्ला २०२१ साली ओडिशात लावलेला होता! पूर्व किनाऱ्यावरची आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगवेगळी, ही समजूत आता पुन्हा तपासावी लागत आहे. रत्नागिरीच्या वाळूत वाचलेले घरटे हे केवळ रत्नागिरीचे नसते, हेही त्यातून दिसते.

करून पाहा

शाळेच्या आवारात किंवा बांधकामाच्या ढिगात वाळू असेल तर शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करा. (कासवे येतात त्या किनाऱ्यावर मात्र खणू नका.) उन्हातील वाळूचे तापमान पृष्ठभागावर, १५ से.मी. खोलीवर आणि ४५ से.मी. खोलीवर मोजा. तापमापक ठेवून पाच मिनिटे थांबा, मग आकडा वाचा. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा तीन वेळा नोंदी घ्या. तशाच नोंदी सावलीतील वाळूच्याही घ्या आणि दोन्हींचा आलेख काढा. कोणत्या खोलीवरची रेषा सर्वांत कमी वरखाली होते? वाळूच्या कणांमध्ये अडकलेली हवा उष्णतेची मंद वाहक असते, हे लक्षात घेऊन कारण लिहा. मग मादी दीड फूटच का खणते, याचे उत्तर तुमच्याच वहीत सापडेल.