रानातल्या शाळेचे कोठीघर

पानिपतची गोष्ट निघाली, की आपण ग्वाल्हेरकर भाऊसाहेब, विश्वासराव आणि जखमी महादजींना बैलावर घालून आणणारा राणेखान भिस्ती यांच्याभोवतीच फिरत राहतो. गोविंदपंत बुंदेल्यांचे नाव बोलता बोलता येते आणि निघून जाते. दोआबातून सैन्याला रसद पोचविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी रणांगणात उतरलेले मराठे आधीच भुकेने अर्धमेले झाले होते. रसदवाल्याच्या वाट्याला इतिहासात यायची ती अर्धी ओळ. त्या अर्ध्या ओळीविषयी मला आपुलकी वाटू लागली ती मात्र, वाचकांना नवल वाटेल, अमेरिकेत.

मी मूळचा लष्करचा. बरीच वर्षे डेन्व्हरला शाळामास्तरकी करतो. तिकडची उन्हाळ्याची सुटी ऐसपैस. अशा दोन सुट्या मी वायोमिंग राज्यातील लँडर या गावी, नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल नावाच्या संस्थेच्या कोठीघरात हंगामी नोकरी करून घालविल्या. ही शाळा विंड रिव्हर पर्वतात भरते. फळा नाही, बाक नाही. सोळा-सतरा वर्षांपासूनची मुले पाठीवर बोजा घेऊन महिना महिना रानात राहतात. नकाशा वाचणे, नदी उतरणे, खडक चढणे, स्वतःचे अन्न शिजविणे आणि मुख्य म्हणजे एकमेकांशी नीट वागणे शिकतात.

शाळेचे संस्थापक पॉल पेट्झोल्ट हे जुने गिर्यारोहक. कोलोरॅडोतील 'आउटवर्ड बाउंड' शाळेत काम करताना त्यांच्या लक्षात आले, की मुलांना रानात नेणारे पुष्कळ, पण नेणाऱ्यांना शिकविणारे कोणी नाही. म्हणून १९६५ साली त्यांनी ही शाळा काढली. याच पेट्झोल्टांची १९३८ ची एक हकीकत आहे. काराकोरममध्ये के-टू शिखरावर ते आणि चार्ल्स हौस्टन शेवटच्या तळावर पोचले. चूल होती, इंधन होते, भोवती हवे तेवढे बर्फ होते. आणि आगपेट्या खालीच राहिल्या होत्या! तेवढ्या उंचीवर बर्फ वितळविल्याशिवाय घोटभर पाणी मिळत नाही. खिसे चाचपले तेव्हा नऊ काड्या निघाल्या. त्यांतही सगळ्या पेटतील याचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी ते २६ हजार फुटांच्या आसपास गेले आणि परतले. शिखराचे नाव सर्वांना ठाऊक असते. काड्या मोजणे कोणाचे काम होते, हे कोणी विचारीत नाही.

आमचे काम म्हणजे काड्या मोजण्याचेच. हिशेब माणशी, दिवशी वजनावर चालतो. उन्हाळ्यात सुमारे पावणेदोन पौंड, म्हणजे आठशे ग्रॅम कोरडा शिधा. थंडी वाढली, बर्फात जायचे असले तर दोन-अडीच पौंडांपर्यंत. बारा विद्यार्थी आणि तीन शिक्षक दहा दिवसांसाठी निघाले, की २६२ पौंड माल तोलायचा. डबे, खोकी सगळी इथेच फोडायची. ओट, तांदूळ, कणीक, शेवया, दुधाची भुकटी, चीज, लोणी, सुका मेवा, सारे प्लास्टिकच्या पिशव्यांत. पिशवीला एकच सैल गाठ. गाठ आवळली तर गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही, मग पोरे पिशवी फाडतात आणि उरलेले पीठ पाठपिशवीत सांडते. मसाल्यांच्या पुडीत 'करी' नावाचे एक पिवळे चूर्ण असे. त्याविषयी मला वारंवार विचारीत. मी आदराने गप्प बसे.

जास्त दिले तर काय बिघडले, असे आपल्या आतिथ्याला वाटेल. पण दहा दिवसांचा वाटाच माणशी साडेसतरा पौंड भरतो. वर तंबू, दोर, कपडे, इंधन. माझ्या हाताने वाढलेली प्रत्येक मूठ कुठल्या तरी पोरीच्या खांद्यावर खिंड चढते. आणि कमी पडले तर आठव्या दिवशी भांडणे सुरू होतात. रस्ता दोन दिवसांच्या चालीवर असतो.

पुढच्या हप्त्याचा शिधा घोड्यांवरून जातो. हा काही हौसेचा मामला नव्हे. १९६४ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या रानांत मोटारीला बंदी आहे, आणि या पर्वताचा मोठा भाग त्याच वर्षी राखीव झाला. घोडेवाला आला, की दोन्ही बाजूंची ओझी काट्याला लावून बघे. एक बाजू जड झाली तर खोगीर फिरते, जनावराची पाठ सोलते. आमच्या पिशव्यांकडे तो ज्या संशयाने पाही, तो मला आवडे.

कोठीत बहुतेक विशीतली पोरे. वयाने माझ्या मुलांएवढी, पण मला सरळ नावाने हाक मारीत. पहिला आठवडा मी दचकत होतो. हिवाळ्यात कोणी बर्फावरच्या घसरगुंडीच्या पाळण्यांवर काम करणारा, कोणी हॉटेलात वाढणारी. पगार बेताचा, मुक्काम बहुधा स्वतःच्या मोटारीत वा तंबूत. त्यांना हवे होते डोंगरात शिकविण्याचे काम. मिळाले होते पीठ तोलण्याचे. दिवसभर खिडकीतून डोंगर दिसत आणि ते इतरांना वाटे लावीत.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका तुकडीचे कागद आले. एका मुलीला शेंगदाणा वर्ज्य. कणभर पोटात गेला तरी श्वास कोंडण्याची भीती. तुकडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती आणि तिचा माल अर्धा बांधून झाला होता. त्या मुलीपुरता वेगळा शिधा देऊन भागण्यासारखे नव्हते, कारण तीन-चार जणांची एक चूल आणि चमचे सगळ्यांचे एकत्र. माझ्याबरोबर बावीस वर्षांची एक मुलगी होती. तिने काही न बोलता बांधलेले सर्व सोडले. टेबले धुतली, वेगळी मापे काढली, हात पुनःपुन्हा धुतले. दाण्याचे लोणी आणि मेवा गेल्यावर ताकद कशाने भरून काढायची, यावर आमची बरीच घासाघीस झाली. शेवटी चीज वाढविले, सूर्यफुलाच्या बिया घेतल्या, पण त्याही कारखान्याचे लेबल दोनदा वाचून. रात्री साडेदहाला तुकडीची शिक्षिका आली. तिने एकेक पिशवी उघडून वास घेतला, यादीशी ताडून पाहिली आणि सही केली. आम्हांला शाबासकी वगैरे दिली नाही. तिचे लक्ष अजून पिशव्यांकडेच होते.

महिन्याने ती तुकडी उतरली. उरलेला माल परत करण्याची रीत आहे, आणि मोजायला मीच होतो. आठ पौंड बटाट्याची भुकटी परत आली. चीज मात्र तोळाभरही शिल्लक नव्हते. उन्हाने रापलेली एक उंच पोर पिशव्या माझ्यापुढे मांडीत होती. हीच ती, हे मला यादीवरच्या नावावरून कळले. "बटाटा फार दिलात," ती म्हणाली. मी ते वहीत टिपून घेतले आणि पुढच्या तुकडीच्या यादीत बटाटा तीन पौंडांनी उतरविला.