विश्लेषण : जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही गिअर बदलताना धक्के का देते? गिअरबॉक्स लगेच उघडावा का?

सिग्नल सुटल्यावर दुसरा गिअर पडताना गाडी धक्का देते. रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. घाटात इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. आठ-दहा वर्षे वापरलेल्या ऑटोमॅटिक एसयूव्हीच्या मालकांना ही लक्षणे ओळखीची असतात. अशा वेळी गॅरेजमध्ये अनेकदा थेट ‘ओव्हरहॉल’ सुचवला जातो. खर्च ऐकून गाडी दुरुस्त करावी की विकावी, असा प्रश्न पडतो. मात्र दोष तेलात, वायरिंगमध्ये किंवा एखाद्या सेन्सरमध्येही असू शकतो. त्यामुळे तपासणी स्वस्त कारणांपासून सुरू होणे महत्त्वाचे ठरते.

गिअर आपोआप कसे बदलतात?

महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० मध्ये २०१५ साली सहा गिअरचा ऑटोमॅटिक पर्याय आला. अशा गाड्यांत पायाने दाबायच्या क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. गिअरबॉक्समधले तेल, म्हणजे एटीएफ, केवळ वंगण नसते. त्याच्याच दाबाने आतल्या क्लच प्लेट आवळल्या जातात. हा दाब कुठे पोहोचवायचा, हे व्हॉल्व्ह बॉडीतील सोलेनॉइड ठरवतात आणि त्यांना आदेश देतो तो गिअरबॉक्सचा संगणक. या साखळीतील एक कडी बिघडली, तरी धक्का जाणवतो.

कोणते लक्षण काय सुचवते?

रिव्हर्स किंवा ड्राइव्ह उशिरा लागत असेल, तर तेल कमी असण्याची किंवा दाब पुरेसा न बनण्याची शक्यता असते. आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट घसरत असू शकतात. एकाच ठरावीक गिअरला धक्का बसत असेल, तर संशय त्या गिअरच्या सोलेनॉइडवर किंवा व्हॉल्व्ह बॉडीवर जातो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहत असेल, तर संगणकाने बचावासाठी ‘लिम्प मोड’ लावलेला असू शकतो. स्थिर वेगात खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच तपासावा लागतो. इंजिनाचे माउंटिंग फाटले असेल, तरीही असाच धक्का बसतो, हे विसरू नये.

तेलावरून काय कळते?

चांगले एटीएफ बहुधा लाल आणि पारदर्शक असते. ते काळपट झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर क्लच प्लेट झिजल्याची शंका येते. ते दुधाळ गुलाबी दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरमध्येच असतो. तो आतून फुटला की कूलंट तेलात मिसळते. अशी गाडी चालवू नये. अनेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. तिथे तेल ठरावीक तापमानालाच तपासावे लागते. भरताना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे.

स्कॅनरचा कोड म्हणजे निदान का?

नाही. ‘पी ०७००’ हा कोड फक्त गिअरबॉक्सच्या यंत्रणेत दोष नोंदला गेल्याचे सांगतो; नेमका दोष कळण्यासाठी त्या संगणकातील पुढचे कोड वाचावे लागतात. ‘पी ०७२०’ आला, तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे. पण तो दोष तुटलेल्या वायरचा किंवा गंजलेल्या कनेक्टरचाही असू शकतो. ‘पी ०७३०’ म्हणजे गिअरचे प्रत्यक्ष गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे नाही. त्यामागे कमी तेलापासून झिजलेल्या क्लचपर्यंत काहीही असू शकते. अशक्त बॅटरीमुळेही भलतेच कोड दिसू शकतात.

गिअरबॉक्स कधी उघडावा?

तेलाचा चेंबर काढल्यावर आतल्या चुंबकावर राखाडी, पेस्टसारखा बारीक थर दिसणे सामान्य असते. पण धातूचे तुकडे किंवा क्लच प्लेटचा चुरा सापडला, तर उघडण्याला पर्याय उरत नाही. तेल, वायरिंग, सेन्सर आणि दाब तपासूनही गिअर घसरत असतील, तेव्हाही हीच वेळ येते.

मालकाने काय करावे?

धक्का थंड गाडीत बसतो की तापल्यावर, कोणत्या वेगाला आणि कितव्या गिअरला, हे लिहून ठेवावे. मेकॅनिकला सोबत घेऊन चाचणी फेरी मारावी. कोड पुसण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढावा. चेंबर उघडताना समोर उभे राहून चुंबक पाहावा. गिअर घसरत असताना गाडी दामटू नये. उष्णतेने चांगल्या प्लेटही जळतात. आणि ओव्हरहॉलला होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : कोणती तपासणी केल्यावर हा निष्कर्ष निघाला?