खलनायक लगेच गोळी का झाडत नाही?

दोस्तांनो, ‘शोले’ पाहिलाय ना? १९७५ सालचा सिनेमा, पण आई-बाबांना त्यातले संवाद अजून पाठ असतील! त्यात गब्बर वीरूला पकडतो. हाताशी बंदुका, भोवती टोळी. एका गोळीचं काम! पण गब्बर काय करतो? बसंतीला नाचायला लावतो. तेवढ्यात जय येऊन पोचतो आणि सगळं मुसळ केरात.

साहसकथांतही हेच. नायकाला खांबाला बांधायचं, ‘आता मरायला तयार हो’ म्हणायचं आणि मग आपला सगळा बेत त्यालाच ऐकवत बसायचं. तोवर इकडे दोरी सैल!

असं का बरं? एक तर लेखकाची अडचण. नायक पाचव्या प्रकरणात गेला, तर उरलेली प्रकरणं लिहायची कुणावर? शिवाय कट काय होता, हे वाचकाला कळायला नको का? आणि तिसरी गोष्ट म्हणजे घमेंड. खलनायकाला शत्रू नुसता मारायचा नसतो, त्याला हार कबूल करायला लावायची असते. मेलेला माणूस हार कशी कबूल करणार?

‘हॅ! खऱ्या आयुष्यात कुठे असं होतं?’ असं म्हणाल, तर चला साताऱ्याला.

१६८९ साली औरंगजेबानं छत्रपती संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं. मराठे शरण येतील, असं त्याला वाटलं असेल. झालं उलटंच! मराठे आणखी चिडून लढले. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू त्याच्या हाती लागले. त्यांना मात्र त्यानं जिवंत ठेवलं. दया म्हणून? छे! मराठ्यांच्या गादीचा वारस हातात असणं म्हणजे हुकमाचं पान. कैद चालली तब्बल सतरा-अठरा वर्षं. १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि त्याचा मुलगा आझमशहा यानं शाहूंना सोडलं. मराठ्यांत भांडण लागावं, हा डाव. भांडण लागलंही. पण १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्याच काळात मराठी फौजा पार दिल्लीपर्यंत गेल्या. हुकमाचं पान उलटलं!

आता सांगलीला. १९४३ साली वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार इथल्या तुरुंगात होते. ब्रिटिशांच्या काळात पकडलेल्या क्रांतिकारकांवर खटले चालत, त्यांच्याकडून इतरांची नावं काढायचा प्रयत्न होई. म्हणजे सरकारला वेळ हवा असे. पण तोच वेळ कैद्यांनाही मिळे, नाही का? २४ जुलैला भरदिवसा या मंडळींनी पहारेकऱ्यांना गाठलं, त्यांच्या बंदुका घेतल्या, तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि कृष्णेकडे धूम ठोकली!

इथवर अगदी साहसकथा. पण पुढे ऐका. मागून पोलीस आले ते भाषण करायला थांबले नाहीत. त्यांनी गोळ्या झाडल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव यांचा जीव गेला. वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. पुढे १९७७ मध्ये तेच वसंतदादा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

गोष्टीतल्या नायकाला वाचवायला लेखक असतो. पत्रावळे आणि जाधव यांच्यामागे असा कुणी नव्हता आणि हे त्यांना उडी टाकतानाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यांची नावं लक्षात ठेवायची.

आणि हो, सुट्टीत तुम्ही स्वतः साहसकथा लिहायला बसलात, तर आधी एक प्रश्न सोडवा. तुमच्या खलनायकाला नायक जिवंत कशासाठी हवाय? त्याचं पटेल असं उत्तर सापडलं की समजा, निम्मी गोष्ट तयार!