सॅम कुक : प्रार्थनेचा गळा, मालकीचे गाणे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये सामूहिक प्रार्थनेच्या निमित्ताने वाढलेली ‘गॉस्पेल’ ही धार्मिक गायकी आणि शहरांतील नृत्यगृहांत व मद्यालयांत रुजलेले ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक संगीत यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकात जो गानप्रकार आकाराला आला, तो पुढे ‘सोल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे जनकत्व एकाच कलावंताला देणे न्याय्य ठरणार नाही. रे चार्ल्सने १९५४ मध्ये गॉस्पेलच्या धाटणीवर प्रेमगीत बांधून धर्मनिष्ठांचा रोष ओढवून घेतला होता आणि जेम्स ब्राऊनही थोड्याच काळात त्या वाटेवर आला. तथापि गॉस्पेलच्या क्षेत्रात आघाडीचे स्थान मिळवल्यावर ते सोडून लौकिक संगीतात उतरलेला आणि तेथेही थेट शिखर गाठलेला गायक म्हणून सॅम कुकचे नाव घ्यावे लागते. त्याच्या आवाजाच्या गोडव्याविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु आपल्या गाण्यांवरची मालकी स्वतःकडे राखण्याची जी दृष्टी त्याने दाखवली, तिची दखल तुलनेने कमी घेतली जाते आणि ही उणीव त्याच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना जाणवण्याजोगी आहे.

कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल या गावी झाला. वडील चार्ल्स कुक हे धर्मोपदेशक होते. दक्षिणेतील दारिद्र्य आणि वंशभेदाचे कायदे यांना कंटाळून लाखो कृष्णवर्णीय त्या काळी उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतर करीत होते. त्याच लोंढ्यात कुक कुटुंब १९३३ मध्ये शिकागोला आले. भावंडांच्या गटातून चर्चमध्ये गाणारा सॅम किशोरवयात ‘हायवे क्यूसीज’ या गॉस्पेल गायकमंडळात दाखल झाला आणि विशीच्या उंबरठ्यावर असताना ‘सोल स्टिरर्स’ या देशभर नावाजलेल्या मंडळात त्याला आर. एच. हॅरिस या मातब्बर गायकाच्या जागी घेण्यात आले. अशा मंडळांना ‘क्वार्टेट’ म्हणजे चौकडी म्हणत असले तरी त्यांत पाच-सहा गायकही असत. बहुतेक जण सुरांचा आधार धरून ठेवीत आणि मुख्य गायक त्यावर शब्द व स्वर फुलवीत जाई. सोल स्टिरर्सनी दोन मुख्य गायक आलटूनपालटून पुढे आणण्याची पद्धत रूढ केली होती, त्यामुळे पॉल फॉस्टरच्या खरखरीत, गर्जणाऱ्या स्वरानंतर कुकचा स्वच्छ आणि तरल आवाज आला की श्रोत्यांवर त्याचा परिणाम दुणावत असे.

हॅरिसचे अनुकरण करून उंच पट्टीत ओरडणे आपल्या गळ्याला मानवत नाही हे कुकने लवकर ओळखले, आणि जेथे स्वर पोहोचत नसे तेथे तो त्याभोवती हलक्या मुरक्या घेऊन, एकाच अक्षरावर चार-सहा स्वर सहज फिरवून पुढे जाऊ लागला. मर्यादेतून निघालेली ही युक्तीच त्याची ओळख ठरली आणि पुढच्या पिढीच्या सोल गायकांनी ती मुक्तपणे उचलली. १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘स्पेशल्टी’ कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जीझस गेव्ह मी वॉटर’ने त्याचे नाव सर्वदूर झाले. देखणा चेहरा आणि तरुण वय यांमुळे गॉस्पेलच्या मैफलींत पूर्वी न दिसणारा मुलींचा वर्ग पुढच्या रांगांत बसू लागला, ही गोष्ट अर्थातच ध्वनिमुद्रण व्यवसायातील चाणाक्ष लोकांच्या नजरेतून सुटली नाही.

चर्चचा गायक लौकिक गाणी गातो म्हणजे देवाने दिलेला गळा बाजारात विकतो, अशी त्या समाजातील धर्मनिष्ठांची धारणा होती. कुकने १९५६ मध्ये ‘लव्हेबल’ हे पहिले लौकिक गीत ‘डेल कुक’ या टोपणनावाने ध्वनिमुद्रित केले ते याच भयापोटी. पण तो आवाज लपण्यासारखा नव्हता. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल याच्यासह केलेली पुढील ध्वनिमुद्रणे स्पेशल्टीचा मालक आर्ट रूप याला पसंत पडली नाहीत, तेव्हा दोघेही ‘कीन’ या नवख्या कंपनीकडे गेले. तेथून १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘यू सेंड मी’ अमेरिकेच्या सर्वसाधारण आणि ऱ्हिदम अँड ब्लूज अशा दोन्ही लोकप्रियता-याद्यांत प्रथम क्रमांकावर पोहोचले. त्यातील शब्द अगदीच साधे, एरवी पोकळ वाटतील असे आहेत. त्यांना वजन येते ते प्रार्थनेत घडलेल्या स्वरलगावामुळे.

येथून पुढचा भाग त्याच्या समकालीन गायकांपेक्षा निराळा आहे. त्या काळच्या व्यवहारात गायकाला प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे अल्पसा वाटा, म्हणजे रॉयल्टी, मिळे आणि तोही पुष्कळदा हिशेबात गडप होई. गीताच्या प्रकाशनाचे हक्क व मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र कंपनीकडे राही आणि टिकाऊ उत्पन्न त्यांतूनच येई. कुक स्वतः गीते रचत असल्यामुळे त्याला ही गोष्ट उमगली. गॉस्पेलच्या दिवसांतील स्नेही जे. डब्ल्यू. अलेक्झांडर याच्यासह त्याने ‘कॅग्ज म्युझिक’ ही प्रकाशनसंस्था चालवली आणि सोल स्टिरर्सच्या रॉय क्रेनलाही सोबत घेऊन १९५९ मध्ये ‘एसएआर’ ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. एसएआरमध्ये त्याने आपलीच वाट इतरांसाठी मोकळी केली : वोमॅक बंधूंच्या गॉस्पेल मंडळाला त्याने लौकिक संगीतात आणले, त्यांच्याच एका धार्मिक गीताला प्रेमगीताचे रूप देऊन ते १९६२ मध्ये लोकप्रिय केले, आणि त्यांचे ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ’ १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने गायले तेव्हा ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

स्वतः कुक १९६० मध्ये ‘आरसीए व्हिक्टर’ या बलाढ्य कंपनीत गेला. ‘चेन गँग’, ‘क्युपिड’, ‘ट्विस्टिन’ द नाइट अवे’, ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ ही यशस्वी गीते याच काळातली. यांपैकी काहींवर गोऱ्या मध्यमवर्गाला रुचेल असा गुळगुळीतपणा चढलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ मात्र त्याला अपवाद आहे. लू रॉल्सच्या साथीने त्यात मुख्य गायक आणि प्रतिसाद देणारा स्वर यांचा चर्चमधील संवाद जसाच्या तसा उतरला आहे.

लोकप्रियतेमुळे वंशभेद टळत नव्हता. गोरे व काळे श्रोते वेगळे बसवले जाणार असल्यामुळे १९६१ मध्ये मेम्फिस येथील कार्यक्रम करण्यास त्याने नकार दिला. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे एका हॉटेलने त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना खोली नाकारली आणि जाब विचारला म्हणून त्यालाच शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली. त्याच वर्षी त्याचा लहान मुलगा पोहण्याच्या तलावात बुडून मरण पावला होता. बॉब डिलन या गोऱ्या तरुणाने ‘ब्लोइंग इन द विंड’सारखे अन्यायावर बोट ठेवणारे गीत लिहावे आणि आपण लिहू नये, ही रुखरुखही त्याला होती. या साऱ्यातून निघालेले ‘अ चेंज इज गॉना कम’ ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवूडमध्ये रेने हॉलच्या भरघोस वाद्यवृंदरचनेसह ध्वनिमुद्रित झाले. परिवर्तनाची आशा आणि थकवा एकाच दमात सांगणारे हे गीत त्याने पुढच्याच आठवड्यात दूरचित्रवाणीवर गायले. त्या प्रक्षेपणाची फीत जपली गेली नाही. एकेरी तबकडीवर ते आले तेव्हा वंशभेदाचा उघड उल्लेख असलेले कडवे कापलेले होते.

तोपर्यंत गायक उरला नव्हता. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमधील एका मोटेलच्या व्यवस्थापिकेने झाडलेल्या गोळीने वयाच्या ३३ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. स्वसंरक्षणार्थ केलेली हत्या असा निर्वाळा चौकशी मंडळाने घाईने दिला आणि त्याच्या आप्तांना तो कधीच पटला नाही. मालकीच्या स्वप्नाचा शेवटही विषण्ण करणारा आहे, कारण व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइन याने आरसीएशी नव्याने करार करून ध्वनिमुद्रणे ज्या कंपनीच्या नावे केली होती ती कागदोपत्री क्लाइनचीच होती आणि कालांतराने कुकच्या गीतांचे हक्कही क्लाइनच्या ‘अ‍ॅबको’ कंपनीकडे गेले. एसएआरही त्याच्या मागे फार टिकली नाही.

कुकची ओळख करून घेऊ पाहणाऱ्या वाचकांनी त्याच्या गाजलेल्या गीतांच्या संकलनापासून सुरुवात करू नये. मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये जानेवारी १९६३ मध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे. त्यातील आवाज घोगरा, घामाने भिजलेला आणि चर्चमधील उपदेशकाच्या आवेशाचा आहे; सर्वांना आवडणाऱ्या गायकाची प्रतिमा बिघडेल या धास्तीने आरसीएने तो १९८५ पर्यंत प्रसिद्धच केला नाही.